शब्दचर्चा: ‘तीच’ स्थिती की ‘तशीच’ स्थिती?

तिरका उंट, फोंडा
वाचनालयात दर रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, संदेश सगळे मराठीत. एका जागी अडलोय. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते, त्याला मी ‘तिहेरी पुनरावृत्ती’ लिहिलं. एक मुलगी म्हणाली, “सर, पुनरावृत्ती म्हणजे परत येणं. तीनदा परत, म्हणजे एकूण चारदा ना?” घरी येऊन कोड उघडला, तर मोजणी शून्यापासून आणि अट तीनची. प्रोग्रॅमसुद्धा चौथ्या खेपेची वाट बघत बसलेला! शब्द सुचवा.

समेवरचा, पेडणे
तबल्यातली ‘तिहाई’ म्हणा की! तोच तुकडा तीनदा, आणि सम. गोव्यात समजावून सांगावंही लागणार नाही.

पानवेलीखाली, डिचोली
वर्तमानपत्रवाले असल्या वेळी ‘जिच’ लिहितात. तो तर बुद्धिबळातलाच शब्द.

हत्तीचं घर, मडगाव
जिच नको. राजाला शह नाही आणि खेळायला चालही नाही, ती जिच. वाटाघाटी अडल्या की लोक तो वापरतात, पण पटावर त्याचा अर्थ ठरलेला आहे.

तिहाई झकास आहे, बाब, पण फसवी. तिहाईत तेच बोल लागोपाठ तीनदा येतात. इथे चाली त्याच असायला नकोत, लागोपाठही नकोत. १९७१ मध्ये ब्युनॉस आयरिसला फिशर आणि पेट्रोस्यान या बुद्धिबळपटूंच्या सामन्याचा तिसरा डाव असाच बरोबरीत सुटला. मधल्या काळात पेट्रोस्यानने एकदा वजीर हलवून जागेवर आणला, दुसऱ्या खेपेला हत्ती. चाली वेगळ्या, स्थिती तीच. म्हणून ‘चालींची पुनरावृत्ती’ हेही चूकच.

माझ्या मते सगळी गंमत ‘तीच’ आणि ‘तशीच’ यांत आहे. राजा एक घर सरकून परत आला तर पट तसाच दिसतो, पण किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क गेलेला असतो. स्थिती तशीच, पण ती नव्हे. खेळायची पाळी दुसऱ्याची असेल तरीही तसंच.

प्रोग्रॅम हे डोळ्यांनी बघत नाही. १९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ झोब्रिस्टने सुचवलेली युक्ती आजही चालते: ६४ घरं, १२ प्रकारचे मोहरे, म्हणून ७६८ मोठे यादृच्छिक आकडे, शिवाय पाळी, किल्लेकोट आणि आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेतच मारणं) यांचे वेगळे. ते सगळे ‘एक्सॉर’ने, म्हणजे दोनदा केली की मूळ आकडा परत देणाऱ्या क्रियेने, एकमेकांत मिसळले की स्थितीचा एकच आकडा होतो. घोडा उठला की जुन्या घराचा आकडा पुन्हा मिसळायचा, म्हणजे तो आपोआप पुसला जातो. मग नव्या घराचा मिसळायचा. अख्खा पट नव्याने मोजावा लागत नाही. मागे शोधायचं तेही शेवटची प्याद्याची चाल किंवा मारामारी होती तिथपर्यंतच. प्यादं काही मागे येत नाही.

तिरका उंट, फोंडा
मग इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यांदाच बरोबरी धरतो ते का? माझ्या शून्याच्या घोळासारखाच घोळ?

हत्तीचं घर, मडगाव
घोळ नाही, ते मुद्दाम. पुढच्या चाली मनात खेळताना आधीची स्थिती एकदा जरी आली तरी बहुतेक इंजिनं तिला शून्य, म्हणजे बरोबरीचे, गुण देतात. एकदा फिरून तिथेच आलो तर पुन्हाही येऊ शकतो, मग तिसऱ्या फेरीपर्यंत शोधून वेळ कशाला घालवा? हरणाऱ्याला ते शून्य म्हणजे लॉटरी, तो तिकडेच पळतो. जिंकणारा ते टाळून दुसरी वाट धरतो. म्हणून तुमच्या कोडात दोन शब्द लागतील. शोधातली ती ‘पुनर्भेट’, नियमातली ती ‘तिसऱ्यांदा तीच स्थिती’.

समेवरचा, पेडणे
‘पुनर्भेट’ आवडला. तिहाई मागे घेतो, पण रविवारी मुलांना वाजवून दाखवीन.

तिरका उंट, फोंडा
संदेश बदलले. तिसऱ्या खेपेला खेळाडूने मागणी करावी लागते, म्हणून ‘तिसऱ्यांदा तीच स्थिती. बरोबरी मागायची?’ पाचव्या खेपेला, २०१४ पासूनच्या नियमाने, कुणी मागो न मागो डाव संपतो. तिथे ‘पाचव्यांदा तीच स्थिती. डाव बरोबरीत.’ प्रश्नचिन्ह काढलं.