मिलानहून एका दिवसात जिनोआ: आईसोबत, ऐंशी युरोत जमेल का?

गोडोलीची_पोर
नमस्कार मंडळी. मी मूळची गोडोलीची, सध्या मिलानला मास्टर्स करतेय. ऑक्टोबरच्या शेवटी आई साताऱ्याहून येतेय. तिला समुद्र बघायचाय, म्हणून एक दिवस जिनोआ करावं म्हणते. सकाळच्या रिजनल गाडीने (स्वस्तातल्या प्रादेशिक रेल्वेने) जायचं, रात्री परत. पण शहर सगळं डोंगरउतारावर, आणि आईचे गुडघे दुखतात. सज्जनगडाच्या पायऱ्यासुद्धा ती आता टाळते. शिवाय शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बजेट दोघींचं मिळून ऐंशी युरो, रेल्वेसकट. त्यातले पन्नासच्या वर तिकिटातच जातात. काय बघावं, काय सोडावं?

पोवईनाका_एक्सप्रेस
जिनोआ कशाला? चिंक्वे तेर्रे करा, समुद्राकाठची ती पाच गावं! आम्ही गाडी भाड्याने घेऊन गेलेलो, त्यातल्या मोंतेरोसोला समुद्रासमोरच्या हॉटेलात राहिलो. आई काय रोज रोज येणार आहे का तिकडं? दोन दिवस काढा, पैशाकडं बघू नका.

शाहूपुरीकर
मत्स्यालय चुकवू नकोस. कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली तेव्हा, १९९२ साली, जुन्या बंदराचा कायापालट झाला, त्यातच ते उभं राहिलं. आर्किटेक्ट रेन्झो पियानो, जिनोआचाच माणूस. शार्क, डॉल्फिन, पेंग्विन सगळं आहे. आमची नातवंडं तर बाहेर यायलाच तयार नव्हती. तिकीट तीस युरोच्या आसपास असेल, पण पैसा वसूल.

गोडोलीची_पोर
काका, दोघींचे साठ तिथंच गेले तर परतीचं तिकीट कशातून काढू?

शाहूपुरीकर
अगं, पैसा काय, पुन्हा कमावता येतो.

संगममाहुली
मी तिथं शिकायला होतो, म्हणून सविस्तर लिहितो. गुडघ्यांची काळजी करू नका, या शहरात चढ चढायला लिफ्ट आणि फ्युनिक्युलर (उतारावर दोराने ओढली जाणारी रेल्वे) आहेत, लोक रोज कामाला त्यांनीच जातात. पियात्सा पोर्तेल्लोपासून एक बोगदा डोंगराच्या पोटात जातो, भिंतींना जुन्या फरशा लावलेल्या. त्याच्या टोकाला कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागाची लिफ्ट. वर आलात की समोर जुन्या शहराची पाटीच्या दगडाची करडी छपरं, त्यांच्या मागं बंदरातल्या क्रेन आणि उजव्या हाताला लांतेर्ना, म्हणजे १५४३ सालचं दीपगृह. बसायला बाक आहेत. आणखी उंच जायचं असेल तर झेक्का ते रीगी फ्युनिक्युलर, सुमारे ३०० मीटर उंचीवर नेते. व्हिया बाल्बीजवळ मोंतेगाल्लेत्तोची लिफ्ट आहे, तिचा डबा आधी बोगद्यातून आडवा सरकतो आणि मग उभा वर जातो. आईंना ती नक्की आवडेल. दुरुस्तीसाठी कधी कधी बंद असते, निघायच्या आधी बघून घ्या.
लांतेर्नावर मात्र चढायला नेऊ नका, आत पायऱ्याच पायऱ्या आहेत.

यवतेश्वर_घाट
+१ मत्स्यालय. आणि कोलंबसचं घर बघा, तो जन्माला आला ते घर अजून तसंच आहे.

मंगळवारपेठ
तसंच नाही हो. १६८४ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात ते पडलं, आत्ताचं अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. शेजारी पोर्ता सोप्राना हा बाराव्या शतकातला वेशीचा दरवाजा आहे, तो खरा बघण्यासारखा. बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत.

यवतेश्वर_घाट
आम्हाला गाइडने जन्मघर म्हणूनच दाखवलं होतं. गाइड खोटं कशाला सांगेल?

मंगळवारपेठ
कशाला ते तुम्ही त्यालाच विचारा. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये १९४१ चा न फुटलेला ब्रिटिश तोफगोळा ठेवलाय, तोही बघा.

करंजे_काकू
बाळा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घे. बाहेरचं काय खायचं? माझ्या भाच्याचे युरोपात जेवणाचे इतके हाल झाले की पाच किलो वजन उतरलं.

संगममाहुली
काकू, तिथं फारिनाता मिळते. बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. तांब्याच्या मोठ्या थाळ्यात घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आत मऊ, आपल्या धिरड्याची बहीणच. अंडं नाही, चीज नाही. साधा फोकाच्चा, म्हणजे तिथला चपटा पाव, तोही चालेल. पेस्तोचं, म्हणजे तुळशीसारख्या बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीचं मात्र बघा, त्यात पार्मेझान चीज असतं आणि ते वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचक द्रव्याने बनतं.

पोवईनाका_एक्सप्रेस
एवढं बघत बसलं तर उपाशी राहायची वेळ येईल. आम्ही पेस्तो भरपूर खाल्ला.

करंजे_काकू
तुम्ही खा हो. तिच्या आईला नाही चालत.

कोडोलीकर
दोन कामाच्या गोष्टी. रिजनल गाडीचं मोबाईलवरचं तिकीट काढलं तरी बसायच्या आधी मोबाईलवरच चेक-इन करून ते चालू करावं लागतं, कागदी असेल तर स्टेशनवरच्या मशीनमध्ये ठसा. आमच्या रूममेटकडं तिकीट होतं, तरी दंड बसला. दुसरं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं भयंकर पाऊस पडतो. २०११ आणि २०१४ ला शहरात पूर आले होते. लाल इशारा असेल तर सरळ दिवस बदला.

यवतेश्वर_घाट
सगळ्यांनी मत्स्यालय सांगितलंय, तेच करा.

हिरवाई_७४
नेर्वीला गेलो होतो, जिनोआच्याच पूर्वेला. खडकांवरून दोनेक किलोमीटरचा फरसबंदी रस्ता, बाकी काही नाही. अर्ध्या तासात कंटाळा आला. जाऊ नका.

संगममाहुली
नेर्वीत काही नाही हे खरं, पण वेळ असेल तर ठीक. कास्तेल्लेत्तो आधी.

गोडोलीची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, “मला मासे काचेत नको, लिफ्ट नको, कुणाचं घरही नको. समुद्राकाठी बसायचंय आणि लाटा बघायच्यात.” म्हणून आम्ही सरळ नेर्वीला जातोय. स्टेशन समुद्राला लागूनच आहे, रस्ता बराचसा सपाट. जाताना जिनोआत गाडी बदलताना फारिनाता बांधून घेऊ, दशम्या तर आहेतच. कोडोलीकर दादा, चेक-इनचं लक्षात ठेवते. इशारा आला तर पुढच्या आठवड्यात.

शाहूपुरीकर
मत्स्यालय न बघता परत येणार? मग जिनोआला जाताय कशाला!

पोवईनाका_एक्सप्रेस
नेर्वीपर्यंत जाताच आहात तर तीच रेल्वे पुढं मोंतेरोसोला जाते. विचार करा.