सौर पंप आधी की मालाच्या भावाची सोय आधी?

वावरवाला_काटोल:
रामराम मंडळी. काटोल तालुक्यात साडेचार एकर वावर आहे. दोन एकर संत्रा, बाकीत सोयाबीन आणि मागून चना. विहिरीवर डिझेल इंजिन. विजेच्या जोडणीचे पैसे भरून ठेवले, पोल काही आला नाही. आता सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत जावं म्हणतो. घरची म्हणते, पाणी दिवसा आलं तरी सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर पडेल त्या भावात जाते, मग हाती काय राहते? तिचंही खरं आहे. मागच्या हंगामात कापणीवर पाऊस आला, व्यापाऱ्यानं चार दाणे दाताखाली धरले, ‘ओला आहे’ म्हणाला अन् भाव पाडला. आधी काय करावं?

नरखेडचा_शेजारी:
भाऊ, अर्ज करून टाका. पैसे भरून थांबलेल्यांना प्राधान्य आहे. साडेचार एकराला ५ एचपी बसतो, पंपाच्या किमतीत आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, म्हणून विम्याचा कागद जपून ठेवा.

कळमेश्वरची_शेतकरीण:
दादा, वहिनींचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण पंप सोडू नका. संत्र्याच्या आंबिया बहाराला (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याच्या फळांना) पाण्याची खरी गरज एप्रिल-मेची, आणि ऊनही तेव्हाच कडक. इंजिन तासाला लिटरभर डिझेल पितं, डिझेल नव्वदीच्या वर. तो खर्च तर वाचेलच, आणि विजेची जोडणी असलेल्यांसारखं रात्री लाइन आली म्हणून टॉर्च घेऊन रानडुकरांत जाणंही टळतं. मोटरीची बटणं दाबायला माझे सासरे रात्री निघायचे, तेव्हा घरात कोणाला झोप नसायची. आता सौर पंपावर ते दिवसाच पाणी धरून दुपारच्या जेवणाला घरी येतात.

सोयाबीनला मात्र पंप कामाचा नाही, ते पावसावरचं पीक. तिथं अडचण थांबता न येण्याची आहे. दुकानाची उधारी आणि दिवाळी एकदमच येतात. म्हणून बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. माल गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, व्याज वर्षाला ६ टक्के. हिशेब करा: ५००० रुपये क्विंटल धरला तर ३७५० मिळतात, सहा महिन्यांचं व्याज साधारण ११३ रुपये. भाव तेवढाही चढणार नाही असं दिसलं तर ठेवू नका. आणि माल वाळवूनच न्या. हमीभावाच्या खरेदीला आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत मागतात. दाताखाली धरून ठरवू देऊ नका, मीटर लावायला सांगा. हा हक्काचा आग्रह आहे, भांडण नाही.

वावरवाला_काटोल:
ताई, तारणाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. पंपाचा अर्ज भरतो. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ होता ना? आमच्याकडं त्या भावात केंद्रावर माल घातलेले थोडेच.

नरखेडचा_शेजारी:
हो, ५३२८. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, केली होती का? सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा नसला तर केंद्रावर नोंदणीच होत नाही. आमच्या गावात बरेच जण तिथंच अडकले आणि शेवटी खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळे झाले.

वावरवाला_काटोल:
संत्र्याची केली, सोयाबीनची राहिली. या खरिपात पेरणी झाली की पोरीच्या मोबाइलवरून वावरात उभं राहून दोन्हीची करतो.