नारळ घरंगळला तेव्हा

नवसावर नाटक बसवलं की देवाची टिंगल होणारच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. गेल्या नवरात्रात आमच्या कॉलनीने नाशिकच्या सिडकोतल्या एका हॉलमध्ये असंच नाटक केलं. मी पडद्यामागे, सामान सांभाळायला. नातू व्हावा म्हणून सासू सप्तशृंगीला नवस बोलते, फेडायचा मात्र सुनेने, चैत्रात अनवाणी वणीचा गड चढून. (बोलणारा एक, पाय भाजणारा दुसरा. घरोघरी हेच.)

तालमीत सासूचं काम करणाऱ्या काकू अडून बसल्या. खोटी ओटी भरणार नाही म्हणाल्या. मग खरा खण, तांदूळ, नारळ आणला. प्रयोगात नारळ ताटातून घरंगळत थेट पहिल्या रांगेत गेला. तिथल्या आजींनी तो उचलला, कपाळाला लावला, शेंडी वर करून परत ताटात ठेवला. सून पुढचं वाक्यच विसरली. टिंगल वाटली असती तर लोक हसले असते. हॉल चिडीचूप होता.

फसलं ते शेवटी. डॉक्टरीणबाई १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यावर भाषण ठोकतात, तिथे निम्म्या लोकांनी मोबाइल काढले. आणि श्रद्धेला प्रश्न विचारणं नाशिकला नवं थोडंच आहे? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो देव नाकारायला नव्हे, दलितांसाठी दार उघडायला.

पुढच्या प्रयोगात भाषण कापतोय. नारळ तेवढा ताटात नीट बसवायचाय.