कापलेला टॅक्स परत मिळवला? नोकरदारांनो, अनुभव लिहा

पाऊसवाट
भाच्याला नोकरी लागून वर्ष झालं. काल त्याचा फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, बघत बसलो होतो तर म्हणाला, मामा, कंपनीने कापलाय ना टॅक्स, मग विषय संपला, रिटर्न कशाला भरायचं? आणि मला एकदम आई आठवली.

आई खेड्यातल्या शाळेत प्राथमिक शिक्षिका. वरिष्ठ वेतनश्रेणीचा फरक, म्हणजे थकलेला वाढीव पगार, बरीच वर्षं रखडला होता, तो एका वर्षी एकदम निघाला. घरात सगळे खूश, आणि फेब्रुवारीच्या पगाराला कळलं की टॅक्स एवढा कापणार की हातात काहीच येणार नाही. क्लार्क म्हणाले, बाई, पैसे या वर्षी मिळाले म्हणजे टॅक्स या वर्षीच. आईला ते पटेना. ती म्हणायची, मी काम तेव्हा केलं, पैसे तुम्ही आत्ता दिले, मग जास्तीचा टॅक्स माझ्या माथी का? केंद्रातल्या एका गुरुजींनी तिला १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८९ सांगितलं, थकलेला पगार एकदम मिळाला तर जास्तीच्या टॅक्सवर सवलत देणारं. मग तिने फुलस्केप कागद आडवा धरून पट्टीने रकाने आखले. वर्ष, त्या वर्षीचा पगार, तेव्हा भरलेला टॅक्स, त्यात त्या वर्षाच्या वाटणीचा फरक मिळवला तर किती झाला असता. दर वर्षीचे स्लॅब वेगळे, ते गुरुजींच्या जुन्या पुस्तकातून उतरवून घेतले. जुन्या वर्षांतला पगार इतका कमी की फरक मिळवूनही टॅक्स फारसा वाढत नव्हता. तो सगळा हिशेब १०ई फॉर्मसोबत ऑफिसात दिला आणि पुढच्या पगारात कपात खाली आली. आई आकडेमोड करताना मी शेजारी बसून रबराने खोडायचं काम करायचो.

भाच्याला तेच सांगितलं. कापला म्हणजे संपलं असं नसतं. कंपनीने अंदाजाने कापलेला असतो, खरा हिशेब रिटर्नमध्ये होतो आणि सवलत आपण मागितली तरच मिळते. २०२५ मध्ये मुदत १६ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. तुमचे अनुभव लिहा, नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना उपयोगी पडतील.

शाळेचीघंटा
तुमच्या आईंना नमस्कार सांगा 🙏 आमच्याकडे अजून हेच चालू आहे. फरक आला की स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नसतो. फक्त आता १०ई ऑनलाइन भरायचा आणि तो रिटर्नच्या आधी भरायचा. ऑफिसने फॉर्म १६ मध्ये ८९ ची सवलत दाखवली असली तरी १०ई नसेल तर आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राकडून १४३(१) ची, म्हणजे रिटर्न तपासल्याची, सूचना येते, त्यात सवलत शून्य आणि वर टॅक्स भरा म्हणून सांगतात. आमच्या तालुक्यात कितीतरी शिक्षकांना आली, कारण ऑफिसात कुणी सांगितलंच नव्हतं. नवीन रेजीममध्येही (कमी दर पण बहुतेक वजावटी नसलेली करपद्धत) ८९ मिळते बरं का, ती गेलेली नाही. लिहिते सविस्तर, आत्ता तास आहे.

हिंजवडीवारी
एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता!! आमच्याकडे जानेवारीत पुरावे अपलोड करायचं पोर्टल बंद करतात आणि मेल येतो की आता काही होणार नाही. मी तेव्हा ऑनसाइट होतो, परदेशात, पोर्टल उघडायचंच नाही तिकडून. सगळ्यांनी सांगितलं गेले पैसे. गेले नाहीत. रिटर्न भरताना एचआरए स्वतः हिशेब करून दाखवता येतो, कंपनीला पावत्या दिल्या नसल्या तरी. भाडेकरार, भाडं बँकेतून दिल्याच्या नोंदी आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन एवढं जवळ ठेवायचं. मला चांगला रिफंड आला, व्याजासकट. फक्त हे जुन्या रेजीममध्ये आणि मुदतीच्या आत. मुदत चुकली की उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं पण मग जुनी रेजीम निवडता येत नाही, म्हणजे एचआरए गेला, ८०सी (पीएफ, विमा वगैरेंची वजावट) गेलं, सगळंच गेलं.

आणि एक मनातली खदखद. २०२५ मध्ये मुंबईला बेसिकच्या ५०% धरायचे आणि पुण्याला ४०. बाणेर-वाकडची भाडी बघितलीत का कुणी??

चहाबिस्कीट
+१ पुण्याच्या भाड्याला. आमच्या मालकांनी यंदा परत वाढवलं, वर म्हणे गणपतीची वर्गणी पण द्या 😄

कृष्णाकाठ
हिंजवडीवारी, आईवडिलांना भाडं दिलं तर चालतं का? घर बाबांच्या नावावर आहे

हिंजवडीवारी
चालतं, पण खरंच द्यायचं. दर महिन्याला बँकेतून, करार करून, आणि बाबांनी ते भाडं त्यांच्या उत्पन्नात दाखवायचं. नुसत्या कागदावर नको.

अबोली
मी इथे लिहावं की नाही विचार करत होते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो सहा वर्षांचा होईपर्यंत आम्हाला कुणीच सांगितलं नाही की ८०डीडी नावाचं काही असतं. फिजिओथेरपिस्टकडे बाहेर बाकावर बसलेल्या एका बाबांनी सांगितलं. अपंगत्व ४०% किंवा जास्त असेल तर ७५ हजारांची वजावट, ८०% किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. आमच्या ऑफिसात बिलं मागितली, प्रत्येक थेरपीचं, बुटांचं, कॅलिपरचं. बिलांचा ढीग घेऊन गेले तर म्हणे यावर जीएसटी नंबर नाही. मग मी नियमच प्रिंट करून नेला. ही वजावट ठरावीक रकमेची आहे, मुलावर खर्च करताय एवढं पुरे, खर्च किती झाला त्यावर ती अवलंबून नाही. सर्टिफिकेट लागतं, आणि सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, एकाहून जास्त अपंगत्वं यांच्यासाठी १०-आयए फॉर्म असतो. बाकी बिलं नाहीत. ती बाई नंतर स्वतः माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली मॅडम, मला माहीतच नव्हतं, आता बाकीच्यांनाही सांगते. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, पैशासाठी नाही.

हीसुद्धा जुन्या रेजीममध्येच आहे. म्हणून आम्ही दर वर्षी दोन्ही रेजीमचा हिशेब लावून बघतो.

जास्वंद
अबोली ताई, तुम्हाला आणि पिल्लाला खूप खूप प्रेम ❤️ लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या नणंदेच्या मुलीला ऑटिझम आहे, तिला आत्ताच हे पाठवते.

पाऊसवाट
अबोली ताई, मनापासून आभार. स्वतःला अपंगत्व असेल तर ८०यू, रक्कम तीच. हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

अबोली
हो. आणि सर्टिफिकेटवर मुदत असेल तर संपायच्या आत परत काढून ठेवा, सिव्हिल हॉस्पिटलला मेडिकल बोर्डाचे वार ठरलेले असतात, पोराला घेऊन फेऱ्या पडतात. कुणाला कागदपत्रांचं काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, रात्री तो झोपला की उत्तर देईन.

सातपूरकर
माझा पीएफचा आहे. कंपनी बंद पडली, माझी सर्व्हिस ५ वर्ष व्हायची होती. पीएफ काढला तर १०% टीडीएस (पैसे देतानाच घेतला जाणारा टॅक्स) कापून आला. ५ वर्षाच्या आत आणि रक्कम ५० हजार किंवा वर असली की कापतात. गेटवरचे सगळे म्हणाले नशीब, काय करणार, दुसरी नोकरी शोधा. पण युनियनच्या आमच्या भाऊंनी सांगितलं की मालकाने धंदा बंद केल्यामुळे नोकरी गेली असेल तर ५ वर्षांची अट लागत नाही, तो पीएफ करमुक्तच. आजारपणामुळे नोकरी सुटली तरी तेच. रिटर्न भरलं, बंद पडल्याचं पत्र जपून ठेवलं, कापलेले सगळे परत आले. नोकरी नसताना ते पैसे काय होते ते मलाच माहीत, पोरीची शाळेची फी त्यातून भरली. ज्यांनी भरलं नाही त्यांचे तसेच पडून राहिले. एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं मी. मागच्या कंपनीतला पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती सर्व्हिसपण ५ वर्षात धरतात हेपण सांगा लोकांना.

जास्वंद
दादा शाबास!! आता काम आहे ना?

सातपूरकर
हो ताई आहे, अंबडला. कुकरची शिट्टी झाली, येतो

रातराणी_ठाणे
माझ्या जुन्या मालकाने पगारातून टीडीएस कापला आणि सरकारात भरलाच नाही. २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) उघडलं तर माझ्या नावापुढे काहीच नाही. रिटर्नमध्ये कपात दाखवली तर उलटी डिमांड, म्हणजे टॅक्स भरा अशी मागणी, आली. घाबरून दुसऱ्यांदा टॅक्स भरणारे लोक बघितलेत मी, कृपा करून भरू नका. कलम २०५ स्पष्ट आहे, पगारातून कापला गेला असेल तर तोच टॅक्स कर्मचाऱ्याकडून परत मागता येत नाही, मालकाकडून वसूल करायचा. मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ चा निकालही आहे याच मुद्द्यावर. मी डिमांडला असहमती नोंदवली, सगळ्या सॅलरी स्लिप आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडलं. डिमांडची वसुली थांबली. रिफंड मात्र अजून अडकलेला आहे आणि मी सोडणार नाही.

नोकरी चालू असतानाच दर तीन महिन्यांनी २६एएस आणि एआयएस (खात्याकडे असलेल्या आपल्या उत्पन्नाच्या नोंदी) बघत जा. नोकरी सोडल्यावर अकाउंट्सवाले फोन उचलत नाहीत.

कृष्णाकाठ
बापरे. आजच बघतो

म्युनिकची_मावशी
इकडचं सांगते, मराठी पोरं इकडे पुष्कळ येतात आता. जर्मनीत पगारातला टॅक्स महिन्याच्या पगारावर असा कापतात जसं काही तुम्ही वर्षभर तेवढंच कमावणार. त्यामुळे ऑक्टोबरात नोकरी सुरू केलेल्याचा हमखास जास्त कापला जातो. पोरं म्हणतात रिटर्न सक्तीचं नाही ना, मग राहू दे. अरे भरा! सक्ती नसेल तर मागच्या ४ वर्षांचं भरता येतं. घर ते ऑफिस एका बाजूच्या अंतराची वजावट मिळते, २०२५ पर्यंत पहिल्या २० किमीला किमीमागे ३० सेंट, २१व्या किमीपासून ३८, सायकलने जा नाहीतर ट्रेनने. घरून काम केलं तर दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १२६०. फक्त हे सगळं मिळून १२३० युरोच्या वर गेलं तरच वेगळा फायदा, कारण तेवढी वजावट नोकरदाराला आपोआपच मिळते. त्या वर्षी आधीचे महिने भारतात पगार घेतला असेल तर तोही सांगायचा, त्यावर इथे टॅक्स नाही लागत पण दर ठरवताना धरतात, म्हणून त्या वर्षी रिफंड थोडा कमी येतो.

गणपतीला कोण कोण येतंय इथल्या मंडळात?

चहाबिस्कीट
मावशी, मोदक ठेवा, माझा भाऊ येतोय शिकायला ऑक्टोबरात!

म्युनिकची_मावशी
ये म्हणावं. जाड स्वेटर आणायला सांग, आणि हातसडीचे तांदूळ मिळाले तर.

फोंड्याहून
गोंयकारांसाठी एक. आमच्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोडामुळे कलम ५ए लागतं. बँकेचं व्याज, घरभाडं असलं उत्पन्न नवराबायकोत अर्धं अर्धं वाटलं जातं, पगार मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे यांच्या नावावरच्या एफडीचं अर्धं व्याज आणि त्यावर कापलेल्या टीडीएसचा अर्धा भाग माझ्या रिटर्नमध्ये. ही वाटणी असली की रिटर्नचा साधा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचं. गोव्याबाहेरच्या सीएला हे समजावताना माझा घसा बसतो.

हिंजवडीवारी
हे पहिल्यांदाच ऐकलं! भारी माहिती.

निवांतकाका
दोन गोष्टी सांगतो, आयुष्य अकाउंट्स खात्यात गेलं माझं. एक म्हणजे रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के मला द्या, असं म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. ते खोट्या देणग्या, खोटं एचआरए, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज टाकतात. तुमचा ईमेल न टाकता स्वतःचा टाकतात, म्हणजे नोटीस आली तरी तुम्हाला कळत नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशा लोकांवर देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. पकडलं गेलं तर एजंट गायब आणि सही तुमची. चुकीची माहिती देऊन वाचवलेल्या टॅक्सवर २००% पर्यंत दंड आहे. हक्काचं सगळं मागा, दुसऱ्याचा एक रुपया नको.

दुसरं, रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा. केलं नाही तर मुदतीत भरूनही भरल्यासारखं होत नाही.

शाळेचीघंटा
काका बरोबर. आमच्या इथेही एक जण फिरत होता, मुख्याध्यापकांनी गेटवरूनच परत पाठवला.

माहेरवाशीण
माझा रिफंड मंजूर होऊनही खात्यात येईना. पॅनवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, त्यामुळे खातं व्हॅलिडेटच होत नाहीये. काय करू?

रातराणी_ठाणे
पॅन आणि बँक दोन्हीकडे एकच नाव हवं. माझ्या बहिणीने बँकेत आधार नि पॅन देऊन केवायसीत पॅनवरचंच नाव लावून घेतलं, मग पोर्टलवर खातं परत व्हॅलिडेट केलं आणि रिफंड रीइश्यूची विनंती टाकली. आला.

कृष्णाकाठची_वहिनी
मी ह्यांच्याच फोनवरून आयडी काढून लिहितेय. माझे सासरे जानेवारीत गेले. त्यांचा पेन्शनवर टीडीएस कापला गेलाय, बाकी उपचारांचा खर्चही पुष्कळ होता. त्यांचं रिटर्न भरता येतं का आता?

निवांतकाका
येतं, आणि भरायलाच हवं मुली. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची, मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. मंजुरी आली की वारसाच्या लॉगिनमधून त्यांचं रिटर्न भरायचं. ते ज्येष्ठ होते आणि मेडिक्लेम नव्हता तर उपचारांचा खर्च ८०डी खाली ५० हजारांपर्यंत धरता येतो, पैसे रोख दिलेले नसावेत, आणि रेजीम जुनी. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून नोंदणी आजच टाक.

कृष्णाकाठची_वहिनी
मेडिक्लेम नव्हता. हॉस्पिटलचं सगळं ह्यांच्या कार्डावरून दिलंय.

निवांतकाका
मग ती वजावट तुझ्या नवऱ्याच्या रिटर्नमध्ये घ्या, ज्याने पैसे दिले त्याची. त्याने भरलंय का अजून?

कृष्णाकाठ
नाही काका. बिलं काढून बसतो आज.