स्वल्पविराम चुकला म्हणजे विज्ञान चुकलं?

रेफरन्सग्रस्त
परवा इथेच 'लालपेन' यांनी रेफरन्सबद्दल, म्हणजे संशोधनाच्या पेपरशेवटी येणाऱ्या संदर्भांबद्दल, लिहिलं, "ज्याला रेफरन्समधला स्वल्पविराम सांभाळता येत नाही, त्याच्या आकड्यांवर मी का विश्वास ठेवू?" खाली भराभर अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझा पेपर सड्यावरच्या वनस्पतींवर आहे. रेफरन्स ६८. पहिल्या जर्नलला व्हँकुव्हर पद्धत हवी होती, म्हणजे मजकुरात लेखकाच्या नावाऐवजी आकडे. तीन महिन्यांनी उत्तर आलं, 'आमच्या विषयात बसत नाही'. दुसऱ्याला लेखक-वर्ष आणि यादी आडनावांच्या क्रमाने. तिथे रिव्ह्यूअरने मारला. तिसऱ्याला पुन्हा आकडे, पण वर टांगलेले. वर्ष शेवटी, खंड ठळक, जर्नलची नावं संक्षिप्त. रेफरन्स लावून देणारं झोटेरो सॉफ्टवेअर वापरतो, ते सुचवू नका. शास्त्रीय नाव तिरकं यावं म्हणून शीर्षकाच्या रकान्यात प्रत्येक नावाच्या मागेपुढे टॅग घालत बसलो होतो, ४१ शीर्षकांत. हे सगळं करून पाठवलं, तर दुसऱ्याच दिवशी परत: "रेफरन्स २३ मध्ये जर्नलचं संक्षिप्त नाव नाही." संपादकाने पेपर उघडलासुद्धा नसणार.

छापायचं ठरल्यावर मागा ना काय मागायचं ते! पहिल्या फेरीला कुठलीही एक स्टाईल चालवून घेणारी जर्नलं आहेतच की. त्यांचं विज्ञान बुडालेलं दिसत नाही.

लालपेन
वाक्य माझंच आहे, मागे घेत नाही. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या याद्या निस्तरतोय. स्वल्पविराम हे नुसतं निमित्त. यादी नीट लावायला बसलं की घाण वर येते. एकच पेपर १२ नंबरला आणि ४७ नंबरलाही. डीओआयवर, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकावर, टिचकी मारली की भलताच पेपर. हल्ली चॅटजीपीटीची कृपा: लेखक खरे, जर्नल खरं, पेपर मात्र कुणी लिहिलेलाच नाही.

आणि हे चॅटजीपीटीच्या आधीचंही दुखणं आहे. एल्सव्हियर या जर्नल-प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये व्हॅन डर गीर आणि मंडळी, २००० असा एक नमुना रेफरन्स होता, फक्त मांडणी कशी असावी ते दाखवायला. असा पेपर नव्हताच. २०१७ साली हे चव्हाट्यावर आलं तोवर जवळपास ४०० ठिकाणी त्याचा हवाला पडला होता. बोला.

महिरपी_कंस
वर्ड सोडा, लिहायला लाटेक वापरा, रेफरन्सच्या यादीला बिबटेक्स वापरा. १९८५ पासून आहे. एक ओळ बदलली की स्टाईल बदलते. वर्डवाल्यांची रडगाणी ऐकून कान किटले.

रेफरन्सग्रस्त
@महिरपी_कंस, तेच ते बिबटेक्स ना, जे शीर्षकातली मोठी अक्षरं परस्पर लहान करून टाकतं आणि मग प्रत्येक डीएनएला महिरपी कंस घालावे लागतात? तुमचं नाव उगाच नाही पडलं.

@लालपेन, तुम्ही सांगताय ती तपासणी, मी रडतोय ती सजावट. नमुना आपल्या यादीत राहून गेलेल्या त्या ४०० जणांचे स्वल्पविराम जागच्या जागी असणार, कारण नमुना छापील होता! सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये एका यादीतून दुसरीत जशाच्या तशा उतरलेल्या छपाईच्या चुका मोजून अंदाज बांधला होता, की हवाला देणाऱ्यांपैकी २० टक्केच मूळ पेपर वाचतात. बाकीच्यांच्या याद्या तुमच्या लाल पेनातून सुखरूप गेल्याच असतील की.

भूर्जपत्र
निवृत्त ग्रंथपाल. वाद जुना आहे. १९७८ साली वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक व्हँकुव्हरला जमले, ते हस्तलिखितांसाठी एकच साचा ठरवायला. म्हणजे आज तुम्ही ज्या नावाने बोटं मोडताय ती पद्धत तुमचीच तक्रार मिटवायला निघाली होती. आता तिचेही पोटभेद झाले. कुणी सहा लेखकांनंतर 'आणि इतर' लिहितं, कुणी तीननंतर.

माहेरवाशीण
स्वल्पविरामावर एवढं रामायण, आणि नावांचं काय? १९९८ च्या आधीचे माझे तीन पेपर माहेरच्या नावाने, पुढचे सासरच्या. नुसतं आडनाव नाही, मधलं अक्षरही बदललं, वडिलांचं गेलं आणि नवऱ्याचं आलं. कुठलीही स्टाईल लावा, यादीत मी दोन बायका आहे. बढतीच्या मुलाखतीत विचारलं, "या तीन पेपरांच्या लेखिका कोण?" फाईलमधून लग्नाचा दाखला काढून दाखवला. पेपर माझाच आहे हे सांगायला लग्नाचा दाखला!

भूर्जपत्र
ताई, राग मानू नका, पण नाव बदलायची सक्ती कायद्याने नव्हती.

माहेरवाशीण
काका, कायद्याने नव्हती. रेशनकार्डावर नाव चढवायला गेले तेव्हा खिडकीपलीकडे कायदा बसला नव्हता. तुमच्या कार्डांच्या पेटीत एका बाईची दोन कार्डं 'हे पाहा' लिहून किती वेळा जोडलीत, ते सांगा आधी.

भूर्जपत्र
...क्वचित. मान्य.

घाटमाथा
नावांचं निघालंच आहे तर घ्या. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. माझ्या विद्यार्थ्याने जर्नलच्या फॉर्मात त्याच क्रमाने भरलं. पेपर छापून आला, आता जगभर त्याचा हवाला 'सुनील' या आडनावाने पडतो. दुरुस्तीसाठी लिहिलं तर म्हणे, लेखकाने दिलं तसंच छापलंय. आमच्या तमिळ सहकाऱ्याला आडनावच नाही. फॉर्म पुढे सरकेना म्हणून वडिलांचं नाव टाकलं. बिचारे वडील शेतकरी, आता विज्ञानात गाजतायत.

महिरपी_कंस
ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. २०१२ पासून आहे, फुकट आहे. सोळा आकडे, सासर-माहेर काही नाही.

माहेरवाशीण
काढलंय हो. पण छापील यादीत ते सोळा आकडे कुठे असतात? तिथे आडनाव आणि आद्याक्षरंच.

लालपेन
धाग्याचा विषय काय, चाललंय काय! सासर-माहेरसाठी वेगळा धागा काढा.

माहेरवाशीण
रेफरन्समध्ये सगळ्यात आधी लेखकाचं नाव येतं, लालपेनसाहेब. स्वल्पविराम त्याच्या नंतर.

लालपेन
बरं बाई, जिंकलात. (आमच्याकडे आलेली शंकापत्रं चाळली तर निम्मी नावांचीच निघतील, हे खरं आहे.)

रेफरन्सग्रस्त
मीही एक कबूल करतो, दात-ओठ खात. लालपेन यांच्यावर चिडून काल रात्री ६८ च्या ६८ डीओआय उघडले. ३१ नंबरचा वेगळ्याच पेपरवर गेला. गाईडच्या जुन्या पेपरातून उचलला होता. तरीही सजावट ती सजावटच.

लालपेन
हं. ते २३ नंबरचं जर्नल कुठलं होतं?

रेफरन्सग्रस्त
टॅक्सॉन.

लालपेन
अहो, एकशब्दी नावाचा संक्षेप होतच नाही! जर्नलांच्या नावांच्या संक्षेपाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४, त्याचा नियमच आहे तसा. नेचर, सायन्स, टॅक्सॉन, सगळी पूर्णच लिहायची. तुमचं बरोबर होतं. ज्याने परत पाठवलं त्याला नियम माहीत नाही. हेच दोन ओळींत लिहा आणि काही न बदलता परत धाडा. (३१ तेवढा बदला.)

रेफरन्सग्रस्त
म्हणजे लाल पेन आता माझ्या बाजूने? स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

माहेरवाशीण
पत्राखाली सही करताना आडनाव शेवटी लिहा हो.