प्रतिसाद: गवंडीकाम शिकायचं तर आयटीआय की साइट?

'आयटीआयत वर्ष घालवण्यापेक्षा बिगारी म्हणून लागा, आपोआप गवंडी व्हाल' हे वरचं मत अर्धंच पटलं. हात साइटवरच बसतो, खरंय. पण आपोआप काही होत नाही. बिगारी वर्षानुवर्षं माल कालवतो आणि घमेली वाहतो, थापी-ओळंबा हातात येईल तो मिस्त्रीच्या मर्जीने. (मुकादमाला तर स्वस्त बिगारीच हवा असतो.)

धाग्यात न आलेला तिसरा मार्ग: प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधलं ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण. त्यात शिकाऊ लोक खरं घरकुल बांधतच शिकतात, शेवटी मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं. आधी बिगारीकाम केलेल्यांना हेच जास्त सोयीचं. ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत चौकशी करा.