दीड वर्षाची मुलगी, मराठी-जर्मन: शब्द कसे मोजायचे? हातांच्या खुणा शिकवाव्यात का?

प्रश्न: मुलगी १८ महिन्यांची. घरी मराठी, म्युनिकच्या पाळणाघरात जर्मन. मम्मं, भूभू, जोजो, आई, मिल्श (जर्मनमध्ये दूध), बाल (चेंडू) एवढंच बोलते. दोन भाषांमुळे अडतंय का? खुणा शिकवल्या तर बोलायचा कंटाळा करेल का?

उत्तर १: दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, मराठी मुळीच सोडू नका. शब्द दोन्हींचे मिळून मोजा. उद्या 'दूध' म्हणाली तर 'मिल्श' धरून दोन. 'मम्मं'सुद्धा शब्दच, दर वेळी खाण्यासाठीच वापरत असेल तर.

उत्तर २: खुणांनी बोलणं मागे पडत नाही. तीनच घ्या. 'अजून': दोन्ही हातांची बोटं चिमटीसारखी जुळवून टोकं एकमेकांवर टेकवायची. 'संपलं': पंजे उलटसुलट फिरवायचे. 'दूध': मूठ उघडझाप. खूण आणि शब्द एकदमच, तिची नजर तुमच्यावर असताना. केळ्याचा एक तुकडा द्या, खूण करत "अजून?" विचारा, पाच-सात सेकंद थांबा. इथेच घाई होते. आपण लगेच दुसरा तुकडा देतो, मग तिला मागायची गरजच उरत नाही. ती तळहातावर नुसतं बोट टोचेल, तेही 'अजून'च समजा. पाळणाघरातल्या ताईंनाही खूण दाखवा: तिथे 'मेअर', घरी 'अजून', हात तोच.

उत्तर ३: आपणहून केलेली खूणही मोजणीत धरा. तरी सहा शब्द कमीच आहेत, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांना आत्ताच सांगा आणि कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं. दोन वर्षांपर्यंत दोन्ही भाषांत मिळून ५० शब्द किंवा "बाबा ये"सारखी जोडी नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा.